म्हशींच्या डॉक्टरकडे आलेलं कासव

जनावरांच्या डॉक्टरला रोगी काही सांगत नाही आणि मालक सांगतो ते खरं नसतं. म्हैस परवापासून काही खात नाही, असं शपथेवर सांगणाऱ्या मालकाच्या पाठीमागे तीच म्हैस पेंढी ओढताना मी पाहिली आहे. वसईत माझी सगळी नोकरी तबेल्यांच्या शेणात आणि गोठ्यांच्या चिखलात गेली. अडलेली म्हैस मोकळी करायची, फुगलेलं पोट उतरवायचं, खुरकुताची लस टोचायची, हे माझं काम. पुढे इमारती वाढल्या तसे सोसायट्यांमधले कुत्रेही येऊ लागले. एक बाई पोपट घेऊन आल्या, कारण तो त्यांच्या सुनेला शिव्या द्यायला लागला होता. औषधाची गरज पोपटाला नाही, एवढंच मी म्हणाले. त्या पुन्हा आल्या नाहीत.

मी मूळची कराडकडची. लग्न होऊन वसईला आले तोवर समुद्र फक्त सहलीत पाहिलेला. त्यामुळे नव्वदच्या दशकात एका सकाळी दामू कोळी तीनचाकी टेम्पोतून ओल्या गोणपाटाखाली काहीतरी झाकून दवाखान्याच्या दारात आला, तेव्हा ते बकरं असणार असंच मला वाटलं. गणपती नुकतेच उठले होते. पावसाळ्यात बंद असलेल्या होड्या पुन्हा समुद्रात जायला लागल्या होत्या. दामूने गोणपाट बाजूला केलं.

"हे काय?"

"कासव, बाई."

"कासव आहे ते दिसतंय मला. माझ्याकडे कशाला आणलंस?"

"मंग कोनाकडं नेऊ?"

मला राग आला की मी कामाला लागते, हे वसईतल्या लोकांना चांगलं माहीत होतं.

कासव मोठ्या परातीएवढं होतं, हिरवट राखाडी. पाठीच्या कवचावर मागच्या बाजूला उजवीकडे खोल चीर गेली होती आणि त्या चिरेच्या कडेला कुंकू लागलेलं होतं. जाळ्यात कासव आलं की त्याला कुंकू लावायचं, नारळ वाढवायचा आणि पाण्यात सोडायचं, ही दामूच्या घरची रीत. यावेळी ते जाळ्यात आलं नव्हतं, दामूच्याच होडीच्या इंजिनाचा पंखा त्याला लागला होता. त्याने रीतीप्रमाणे सगळं केलं आणि कासव सोडलं.

"पन जायनाच बाई. पाय मारतंय, मारतंय, आनि बुच वर राहावा तसं वरच. लाटेनं परत किनाऱ्याला. तीन वेळा सोडलं."

"मग?"

दामूने मान खाली घातली. "आये म्हनते, कासव दर्यात जात नाय तवर आपली होडी धंद्याला जानार नाय."

आये म्हणजे त्याची आई. तिला मी ओळखत नव्हते, पण तो हे वाक्य ज्या आवाजात बोलला त्यावरून घरात कोणाचं चालतं ते कळलं. हंगामाची सुरुवात, होडीवर दामू आणि त्याचे दोन भाऊ, तीन घरं त्या एका होडीवर. हे सगळं आता माझ्या टेबलावर, खरं म्हणजे टेबलाखाली, कारण कासव टेबलावर मावत नव्हतं.

मी मुंबईच्या माझ्या जुन्या सरांना फोन लावला. सर आधी खूप हसले. म्हणाले, "मी एक मगर आणि दोन साप पाहिलेत, त्यातला एक साप मेलेला होता." मग मात्र त्यांनी नीट समजावलं. समुद्री कासवाचं फुप्फुस पाठीच्या कवचाला आतून लागून असतं. चीर तिथपर्यंत गेली असेल तर हवा फुप्फुसातून गळून शरीराच्या पोकळीत साठते आणि कासव फुग्यासारखं वर राहतं. ज्याला बुडी मारता येत नाही त्याला खायला मिळत नाही, उन्हात त्याची पाठ भाजते, आणि पुढची होडी त्याच्यावरून जाते. जखम कोरडी ठेवून भरायची आणि आतली हवा सुईने काढायची. तोवर त्याला समुद्राचं पाणी हवं.

"आणि बुडी मारल्याशिवाय सोडू नकोस," सर म्हणाले. "लोक घाई करतील."

वनखात्याचे रेंजर आले. भले गृहस्थ होते, पण घाबरलेले. कायद्याने हे कासव वाघाच्या पंक्तीतलं, आणि ते एका म्हशींच्या डॉक्टरच्या ताब्यात. दिवाळीनंतरही ते तरंगतच राहिलं तर त्याला मुंबईला काचेच्या टाकीत पाठवावं लागेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे जन्मभर तिथेच. हे ऐकून दामूचा चेहरा उतरला, कारण काचेची टाकी म्हणजे दर्या नव्हे, हे आयेला कोण समजावणार?

जागा दिली जवळच्या गिरीज गावच्या पास्कूकाकांनी. त्यांच्या दोन म्हशी माझ्या हातून व्यायलेल्या. वाडीत केळींना पाणी द्यायला त्यांचा सिमेंटचा हौद होता, तो त्यांनी रिकामा करून घासून दिला. समुद्राचं पाणी आणायचा प्रश्न तबेल्याच्या टेम्पोने सोडवला. सकाळी दूध घालून रिकामे परतणारे कॅन किनाऱ्यावरून भरून यायचे. पुढे एका गिऱ्हाइकाने चहा खारट लागतो अशी तक्रार केली, तेव्हा तबेलेवाल्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेले नाही. कॅन नीट विसळले जात होते, असं मी आजही ठामपणे सांगते.

पहिल्यांदा हवा काढायला बसले तेव्हा म्हशींची सवय कामाची नव्हती. म्हैस फुगली की डाव्या कुशीत जाड सुई खुपसायची, हवा फुसकन बाहेर येते, म्हैस मोकळी होते. त्यात जोर लागतो, नाजूकपणा नाही. इथे मागच्या पायाच्या जांघेतल्या मऊ कातडीतून बारीक सुई घालायची, तीही जराशीच. थोडी खोल गेली तर आतडं, वर वळली तर फुप्फुस. दामूने कासवाला ओल्या गोणपाटावर धरून ठेवलं होतं. कासवाने एकदम पाय झटकला, सुई हातातून निसटली आणि तशीच कातडीत डुलत राहिली. मी ती पुन्हा पकडली. सिरिंजचा दट्ट्या ओढला तशी आतून हवा आली. पुन्हा ओढला, पुन्हा हवा. सगळं झाल्यावर मी वाडीतल्या नळावर जाऊन तोंड धुतलं आणि जरा वेळ तिथेच उभी राहिले. भीती वाटली होती, चांगलीच वाटली होती.

दिवसाचा काही वेळ कोरड्यात, जखमेला औषध लावून, आणि उरलेला वेळ हौदात, असा त्याचा क्रम लागला. माखली मासळीचे तुकडे चिमट्याने तोंडासमोर धरायचे. बरेच दिवस त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, मग एके दिवशी चिमट्यासकट ओढलं. तरी मागची बाजू पाण्यावर उचललेलीच. डोकं खाली घालून पाय मारायचं, तळाशी पोचायच्या आत पुन्हा वर. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की गिरीजचे लोक बघायला यायचे आणि प्रत्येक जण मला एक तरी उपाय सांगून जायचा. दामूचे भाऊ मात्र काही बोलत नसत. हौदाच्या कडेला बसून नुसतं बघत. बाकीच्या होड्या पापलेट भरून येत होत्या.

दिवाळी तोंडावर आली आणि मला खुरकुताच्या लसीकरणासाठी दिवसभर कामण गावाला जावं लागलं. परत येताना वाटेत गिरीजला उतरले, तर वाडीत ही गर्दी. हौद रिकामा. लोक केळीपलीकडे बावखलाच्या काठावर उभे होते. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी तिथे साठतं आणि त्यावर वाडी जगते.

"डॉक्टरबाय, या, या!" पास्कूकाका दोन्ही हात पसरून आले. "बरं झालं तुमचं कासव! हौदात कोंडलेलं बिचारं. आमच्या बावखलात लहान कासवं असतात, खुशाल असतात. म्हटलं याला पण जरा मोकळं पाणी दाखवू. सोडलं तं काय, सरळ बुडी!"

मी पाहिलं. खरंच. कासव काठाजवळ वर आलं, श्वास घेतला आणि पाठ न दाखवता सरळ खाली गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दामू रडत होता आणि हसत होता. त्याच्या भावांनी होडीला घालायचे झेंडूचे हार आधीच आणून केळीच्या पानावर ठेवले होते. रेंजरही आलेले. "मॅडम, उद्या सकाळीच सोडू," ते म्हणाले. त्यांना काचेच्या टाकीचं झंझट टळल्याचा आनंद झाला होता.

आणि एका बाजूला, नारळाला टेकून, एक उंच म्हातारी उभी होती. हिरवं लुगडं, कपाळ मोकळं. ती पाण्याकडे पाहत नव्हती, माझ्याकडे पाहत होती. ही आये.

माझा चेहरा पाहून तिला बहुतेक शंका आली असावी. "काय झालं, बाई?" तिने विचारलं.

"ते बरं झालेलं नाही," मी म्हणाले. "उद्या सोडायचं नाही."

मग दामूचा धाकटा भाऊ उसळला. "डोळ्यांनी बघताय तरी? किती दिवस घरी बसलोय आमी! तुमाला ते बरं झालेलंच नको हाय!"

मलाही राग आला. आता ओरडले तर सगळं जाईल, हे मात्र कळत होतं. मी पास्कूकाकांच्या घरून एक अंडं, एक बादली आणि मीठ मागवलं. बादलीत बावखलाचं पाणी घेतलं आणि अंडं सोडलं. ते तळाशी गेलं. मग मुठी मुठीने मीठ घालून ढवळत राहिले. अंडं हललं, उचललं, आणि सावकाश वर येऊन तरंगायला लागलं.

"अंडं तेच आहे," मी म्हणाले. "पाणी बदललं. गोडं पाणी हलकं, त्यात ते बुडतंय. समुद्राचं पाणी जड. त्याच्या पोटात अजून हवा आहे. उद्या दर्यात सोडलंत तर ते वरच राहील, आणि यावेळी ते किनाऱ्याला येईलच असं नाही."

पास्कूकाकांचा चेहरा पाहवत नव्हता. म्हातारा माणूस, त्याने मायेनेच केलं होतं. आये पुढे आली, बादलीत वाकून बघितलं, आणि दामूला म्हणाली, "पाग आन. काढ त्याला बाहेर."

पाग म्हणजे फेकायचं जाळं. पण गढूळ पाण्यात कासव सापडेना. दामू फेकत होता, ओढत होता, जाळ्यात शेवाळ आणि झावळ्या येत होत्या. सावल्या लांबल्या. मागची जखम त्या घाण पाण्यात भिजत होती, आणि मला तेवढंच दिसत होतं. शेवटी सापडलं. हौदात टाकल्याबरोबर त्याची मागची बाजू पाण्यावर उचलली गेली. दामूच्या धाकट्या भावाने ते पाहिलं, हार उचलले आणि निघून गेला.

जखम चिघळली. कासवाने खाणं सोडलं. रेंजरांकडे मी हात जोडून आणखी मुदत मागितली आणि त्यांनी ती दिली, हे त्यांचे उपकार. आये आता रोज यायची. हौदाच्या कडेवर बसायची. मी औषध बदललं, पुन्हा सरांना विचारलं, पुन्हा सुईने हवा काढली. एक सकाळ अशी आली की कासव पाण्यात मान टाकून पडलं होतं. हाताला थंड. मला वाटलं, संपलं. मी त्याच्या डोळ्याच्या कडेला बोट लावलं आणि पापणी हलली. मी तिथेच हौदाच्या भिंतीला धरून खाली बसले. आयेने माझ्या पाठीवर हात ठेवला.

मग हळूहळू जखम कोरडी पडायला लागली. माखली पुन्हा चिमट्यातून जाऊ लागली. आणि एकदा मी वाडीत शिरले तर हौदात कासव दिसेना. ते तळाशी बसलं होतं. खाऱ्या पाण्यात, सपाट, चारही पाय टेकून.

पण हौद तो केवढासा. कंबरभर पाण्यावर विश्वास कसा ठेवायचा? सरळ समुद्रात नेलं आणि चुकलं तर परत मिळायचं नाही. तेव्हा मला मिठागर सुचलं. मिठागरात भरतीचं पाणी आधी एका मोठ्या बांधलेल्या तळ्यात घेतात. ऊन लागून ते समुद्रापेक्षाही खारट होतं, म्हणजे जड. त्या पाण्यात जो बुडी मारेल तो समुद्रात मारेलच, आणि नाही जमलं तरी बांधाच्या आत राहील. पाणी घ्यायच्या दाराशी तळं छातीएवढं खोल होतं. मिठागरवाल्याची परवानगी काढली, आणि रेंजर, दामू, त्याचे भाऊ, आये, असे आम्ही बांधावर उभे राहिलो.

कासव सोडलं. ते तरंगलं.

कासव तसंच पडून राहिलं, वाऱ्याने थोडं सरकलं. माझ्या मनात काचेची टाकी उभी राहिली. मग त्याने डोकं वर काढून श्वास घेतला, पुढचे दोन पाय वल्ह्यासारखे मारले आणि गेलं. मागची बाजू उचलली नाही. पाण्यावर नुसता गोल राहिला. पुन्हा वर आलं ते पार पलीकडच्या बांधाशी. तिथून पुन्हा खाली. दामूचा धाकटा भाऊ, तोच तो, माझ्या पाया पडायला वाकला, तेव्हा मी त्याला चांगलं झापलं.

आता एकच अडचण उरली. किनाऱ्याजवळ खुंट ठोकून लावलेली जाळी पसरलेली असतात, त्यामुळे कासव जाळ्यांच्या पलीकडे नेऊन सोडायला हवं होतं. त्यासाठी होडी हवी. आणि कासव जाईपर्यंत होडी जाणार नाही, हा आयेचा शब्द. दामू घुटमळत तिच्याकडे गेला.

"मी काय म्हनले?" आये म्हणाली. "धंद्याला जानार नाय म्हनले. कोनाला पोचवाया जानार नाय, असं कवा म्हनले?" आणि मग सगळ्यांना चकित करत म्हणाली, "मी पन येनार."

होडी पाण्यात ढकलताना दामूने मला हळूच सांगितलं, "बाबा पंख्यात गुतलेलं जाळं सोडवाया खाली उतरला व्हता. तो वर आलाच नाय. तवापासून आयेनं होडीला पाय लावला नाय."

म्हातारी होडीच्या मधोमध, ओल्या गोणपाटाखालच्या कासवाशेजारी बसली. एक हात त्याच्या पाठीवर, दुसऱ्याने होडीची कड घट्ट धरलेली. मला होडी लागत होती, पण तक्रार करायची सोय नव्हती. जाळ्यांचे शेवटचे खुंट मागे पडले तेव्हा दामूने इंजिन बंद केलं. आयेने कासवाला कुंकू लावलं, जखमेला नाही, डोक्याला. दोघा भावांनी उचलून ते अलगद पाण्यात सोडलं.

ते क्षणभर होडीला लागून राहिलं. मग श्वास घेतला आणि हिरव्या पाण्यात तिरकं उतरत गेलं. दिसेनासं झालं.

दामू ओरडला. भावांनी मिठ्या मारल्या. मी रडले, लपवत नाही. इतके दिवस ज्या एका गोष्टीची वाट पाहिली ती झाली होती. दामूने इंजिनाच्या हँडलला हात घातला.

"थांब," आये म्हणाली.

"गेलं ना, आये. खाली गेलं. बघितलंस ना?"

"खाली जातात ते ठाव हाय मला," आये म्हणाली. "वर आलेलं बघू दे."

दामूने हात मागे घेतला. होडी हलत होती. मी आजवर फक्त ते खाली कधी जाईल याचाच विचार केला होता. आता मीही पाण्याकडे बघू लागले आणि मला खरंच भीती वाटायला लागली. आत काही फाटलं असेल तर? दमलं असेल तर? सगळीकडे नुसतं पाणी चमकत होतं, आणि प्रत्येक लाट डोक्यासारखी दिसत होती. आये होडीत उभी राहिली होती. कड सोडून.

बऱ्याच लांब, मावळतीच्या बाजूला, एक काळं बोटभर डोकं वर आलं. तेवढ्या अंतरावरूनही श्वास घेताना उचललेली मान दिसली. ते तिथे जरासं थांबलं आणि पुन्हा खाली गेलं.

आये खाली बसली. पदराने तोंड पुसलं, डोळे पुसले, आणि दामूच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"चल," ती म्हणाली. "उद्यापासून धंद्याला जा."